चारशे बारा यार्ड

१

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात सोडतीचा निकाल लागला आणि आर्डिस होल्मक्विस्टला वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी शिकारीचा पहिला परवाना मिळाला. एक प्राँगहॉर्न, म्हणजे माळावरचं हरणासारखं जनावर, नर किंवा मादी, मोसम ऑक्टोबरच्या पहिल्या तारखेपासून. त्याआधी एप्रिलमध्ये तिने बारा-बारा वर्षांच्या पोरांच्या वर्गात बसून बंदुकीच्या सुरक्षिततेची परीक्षा दिली होती आणि वर्गात दुसरी आली होती. पहिली आलेली मुलगी तिच्याच टपालाच्या वाटेवर राहायची. त्या घरी पत्रं टाकायला गेली की ती पोर अजून दात काढून हसायची.

हॅलरन गावात नऊशे माणसं. त्यातल्या निम्म्यांच्या फ्रीझरमध्ये हिवाळ्याचं मांस असतं ते स्वतःच्या हाताने मारलेलं. होल्मक्विस्टांच्या घरी ते काम तीस वर्षं तिच्या नवऱ्याचं, एल्डनचं होतं. दोन वर्षांपूर्वी त्याच्या नजरेच्या बरोबर मधोमध एक करडा डाग पडला. कडेचं सगळं दिसे. ज्याच्याकडे बघावं तेवढंच नेमकं पुसलं जाई. बायकोचा चेहरा बघायचा तर तो तिच्या कानापलीकडे बघायचा. खुर्ची कुठे आहे हे हाताने चाचपून मगच बसायचा. अशा माणसाने बंदूक उचलायची नसते, हे त्याचं त्यानेच ठरवलं आणि त्यावर पुन्हा कधी तोंड उघडलं नाही.

"शेजारच्या बॉयडला सांगू का?" तो म्हणाला. "तासाभरात मारून देईल."

"बॉयड मारणार, बॉयड सोलणार. आणि मी काय करू? बॉयडला सँडविच बांधून देऊ?"

"मग वाटाड्या घे एखादा. लोक घेतात."

"एकोणीस वर्षं या रस्त्यांवर टपाल वाटतेय मी. मला वाट दाखवणार कोण? माझं मी करणार, एल्डन. तू फक्त शिकव."

एल्डन हसला. दोन वर्षांत त्याला कुणी काही शिकवायला सांगितलं नव्हतं. स्वयंपाकघरातल्या टेबलावर तिने नकाशा पसरला. सरकारी जमीन पिवळी, खाजगी पांढरी. तो कडेच्या नजरेने नकाशा न्याहाळत बोट फिरवायचा आणि ती वाचून सांगायची. पाणी कुठे, कुंपण कुठे, गाडी कुठवर जाते. मागे फ्रिज घरघरत असायचा आणि खिडकीच्या जाळीवर वारा बोटं फिरवल्यासारखा वाजत राहायचा. तीन संध्याकाळी खलबत झाल्यावर दोघांनी मिळून जागा ठरवली. ओल्सेनच्या टाक्याजवळची सपाटी. पवनचक्कीवर चालणारं जनावरांसाठीचं पाणी, चौफेर सेजची गुडघाभर झुडपं, आणि तिच्या टपालाच्या वाटेपासून जेमतेम दोन मैल आत.

२

एल्डनची जुनी रायफल वापिटीसाठी, म्हणजे घोड्याएवढ्या थोराड सांबरासाठी घेतलेली होती. तिने आर्डिसच्या खांद्यावर एवढा मोठा निळा डाग उठवला की टपाल कचेरीतल्या बाईने तिला बाजूला घेऊन, घरी सगळं ठीक आहे ना, असं विचारलं. तेव्हा नवी घेणं आलं.

थर्ल बॅस्कम म्हातारा झाला होता, पण हार्डवेअरच्या दुकानामागच्या खोलीत अजून बंदुका विकायचा. खोलीत तेलाचा आणि जुन्या लाकडाचा वास. त्याने तिला आधी उभं केलं, मग बसवलं, मग जमिनीवर पालथं झोपवलं.

"काय मारायचंय?"

"बकरी."

प्राँगहॉर्नला इकडे सगळे बकरीच म्हणतात.

"बकरी म्हणजे पन्नास किलोचा जीव, पोरी. कातडं कागदासारखं. तिला तोफ लागत नाही. तिला लागतो वारा ओळखणारा माणूस." त्याने दोन रायफली टेबलावर ठेवल्या. "ही टू-सेव्हन्टी. गोळी जड, वाऱ्याला दाद देत नाही, पण दणका देते. ही टू-फॉर्टी-थ्री. गोळी हलकी, दणका नावाला. अडीचशे यार्डांच्या आत मारणार असशील तर ही. त्याच्या पलीकडे मारायची खाज असेल तर ती."

"थर्ल, मी आयुष्यात उंदीरसुद्धा पिंजऱ्यात पकडलाय. मला कसली खाज?"

"मग तर हीच. आणि एक ऐक. बंदूक घ्यायची ती पायातल्या जोड्यासारखी. घातली की विसरता आली पाहिजे. डोळे मीट, खांद्याला लाव, आता उघड. काय दिसतं?"

तिने डोळे उघडले. दुर्बिणीतलं वर्तुळ लख्ख, पूर्ण, बरोबर मधोमध. मान हलवावी लागली नाही. दस्ता जणू तिच्याच मापाने कापलेला. तिने तीच घेतली. बरोबर अंतर मोजायचं एक यंत्रही घेतलं. मुठीत मावणारं, एका डोळ्याला लावायचं. बटण दाबलं की समोरची वस्तू किती यार्डांवर आहे तो आकडा दिसतो.

"हे कशाला?" थर्ल म्हणाला. "एल्डन तर डोळ्यानेच सांगायचा."

बोलून गेल्यावर त्याने जीभ चावली. आर्डिसने ऐकलं नाही असं दाखवलं.

३

ऑगस्टमध्ये ती टपाल संपवून दुपारी दोनच्या सुमाराला टाक्याकडे जाऊ लागली. गाडी रस्त्याच्या कडेला, गुरं अडवायच्या लोखंडी जाळीपाशी ठेवायची. तिथून साठ पावलांवर गुडघ्याएवढा लालसर दगड होता. त्याला पाठ टेकून बसलं की सगळी सपाटी समोर. पहिल्याच दिवशी तिने शेजारच्या झुडपाला वाऱ्याचा अंदाज यावा म्हणून नारिंगी फीत बांधली. ते एल्डनने शिकवलं होतं. गाठ मात्र तिची स्वतःची, पार्सलला मारायची.

बकऱ्या होत्या. अकरा माद्या, एक नर. तांबूस अंग, पांढरी पोटं, काळी शिंगं. तासभर ती नुसती बघत राहिली. मग अंतराचा सराव करावा म्हणून यंत्र डोळ्याला लावलं. पवनचक्की, उजवीकडे लांब, सहाशे दहा. समोरचं कुंपण, पाचशे तीस. आणि कुंपणाच्या अलीकडे काहीतरी पांढरं उभं होतं, हद्दीच्या खुंटासारखं, जरासं कललेलं, वरचं टोक चिंध्या झालेलं. चारशे बारा.

तिने वहीत लिहून घेतलं. वही ठेवायची सवय टपालातली.

चार दिवसांनी ती पुन्हा गेली. पवनचक्की, सहाशे सात. पांढरा खुंट, तीनशे अठ्ठ्याऐंशी.

तिने यंत्र पुसलं. पुन्हा बटण दाबलं. तीनशे अठ्ठ्याऐंशी.

ऊन चटचटत होतं आणि जमिनीवरून हवा पाण्यासारखी थरथरत होती. असल्या हवेत यंत्राचं काय खरं, असं ती मनात म्हणाली. पण एक गोष्ट तिच्या ध्यानात आली. वारा पडला होता. झुडपावरची नारिंगी फीत मेलेल्या सापासारखी लोंबत होती. आणि त्या पांढऱ्या खुंटाचं वरचं टोक फडफडत होतं.

बकऱ्या चरत नव्हत्या. सगळ्यांची तोंडं तिकडे होती.

४

"खुंट चालत नाहीत," एल्डन म्हणाला. तो बटाटे सोलत होता. ते काम त्याला न बघता येतं. "किरण आधी मधल्या झुडपाला लागला असेल. नाहीतर बॅटरी उतरली असेल."

"नवीन बॅटरी घातली."

"मग असं कर. एकट्या खुंटाचं माप घेऊ नकोस. त्याच्यामागच्या कुंपणाचंही घे. खुंट सरकत असेल तर दोघांमधलं अंतर वाढेल. नसेल तर तेवढंच राहील. आणि कुणी फडकं बांधलं असेल गं. धनुष्यवाल्यांचा मोसम पंधरा तारखेलाच सुरू झालाय. असतात एकेक येडे."

ते तिला पटलं. कळपातल्या माद्या आता नऊच दिसत होत्या, त्याचाही उलगडा झाला. धनुष्यवाल्यांनी दोन उचलल्या असणार.

खरं सांगायचं तर तिला भीती वाटत नव्हती. तिला गंमत वाटत होती. टपालाच्या फेरीत एखाद्या पत्त्यावर वर्षानुवर्षं कुणी दिसलं नाही की तिला त्या घराविषयी असंच वाटायचं. आत नक्की काय आहे, एकदा बघावं. गाडी चालवतानाही तो पांढरा ठिपका डोळ्यांसमोर असायचा. एकदा तिने मॅकिनन यांची पत्रं शेजारच्या पेटीत टाकली. एकोणीस वर्षांत पहिली चूक.

तिसऱ्या खेपेला खुंट तीनशे चाळीस, कुंपण चारशे अठ्ठावन्न. तिने वही उघडून वजाबाकी केली. पहिल्या दिवशी एकशे अठरा. आजही एकशे अठरा.

म्हणजे खुंट सरकत नव्हता. चला, एल्डन म्हणाला तेच खरं. तिने समाधानाने वही मिटली. मग रस्त्याला लागल्यावर, दोन मैल आल्यावर, तिच्या मनात आलं की खुंट हलला नाही, कुंपण हललं नाही आणि आकडे मात्र दोघांचेही कमी झाले. तिने गाडी कडेला घेतली आणि इंजिन चालू ठेवून बराच वेळ तशीच बसून राहिली.

५

चौथ्या खेपेला जायचं नाही असं तिने ठरवलं होतं. शनिवारी ती गेली.

सप्टेंबरचा पहिला शनिवार, सकाळचे दहा. हवा गार, आरपार स्वच्छ. थरथर नाही की काही नाही. ती बसली, फीत शेजारी होती, लोंबत. तिने आधी दुर्बीण लावली. नऊच्या सात झाल्या होत्या. त्या अर्धवर्तुळात उभ्या होत्या, नर सगळ्यात पुढे. तो दोन पावलं जायचा, पुढचा पाय आपटायचा, नाकातून शिंकल्यासारखा आवाज काढायचा, मागे उडी मारायचा. आणि पुन्हा दोन पावलं. आधीपेक्षा एक पाऊल जास्त.

एवढं भित्रं जनावर. मैलावरून माणूस दिसला की वाऱ्यासारखं पळणारं. ती चक्रावून बघत राहिली. तिला हसूही येत होतं. जा ना बाबा, बघ एकदाचं काय आहे ते, असं ती पुटपुटलीसुद्धा.

मग तिने यंत्र लावलं. दोनशे एक्कावन्न.

आता ते खुंटासारखं दिसत नव्हतं. पण कशासारखं दिसतं तेही सांगता येईना. कपड्याला घड्या पडतात तशा घड्या होत्या. खाली, झुडपांच्या आड, ते जमिनीला कुठे टेकलंय हे कळत नव्हतं. वरचं टोक हलत होतं, सावकाश. थोडं थांबायचं. मग पुन्हा.

तिला वाटलं, जरा नीट टेकून बसावं आणि निवांत बघावं. म्हणून तिने दगड चाचपायला हात मागे नेला.

हाताला गवत लागलं.

तिने मागे वळून पाहिलं. दगड नव्हता. इतका वेळ ती ताठ पाठीने, मोकळ्या जमिनीवर, कशालाही न टेकता बसली होती. गाडी लांब होती, खेळण्यातल्या गाडीएवढी. शेजारच्या झुडपावर फीत होती, तिच्याच हातची पार्सलची गाठ मारलेली.

आर्डिस उठली. समोर न बघता वळली आणि मोजत चालू लागली, एल्डनच्या डॉक्टरकडे जाताना पायऱ्या मोजाव्यात तशी, मोठ्याने. एकशे ऐंशी पावलांवर लालसर दगड लागला. त्याच्या शेजारच्या झुडपाची एक काटकी फीत बांधल्याच्या जागी सोलली गेली होती. तिथून गाडीपर्यंत साठ.

गाडीत बसल्यावर तिने दारं आतून लावून घेतली. भर सकाळी, चारी बाजूंना दहा मैल चिटपाखरू नसताना.

६

एल्डनने सगळं ऐकून घेतलं. हसला नाही, हे तिला बरं वाटलं, आणि बरं वाटलं नाहीही.

"तूच गेलीस पुढे," तो म्हणाला.

"मला आठवत नाही."

"बकऱ्यांच्या नादात सरकतो माणूस. मीही सरकलोय." थोड्या वेळाने त्याने विचारलं, "दिसतं कसं?"

"काय?"

"ते. जवळून."

"मला नाही बघायचं जवळून. आपण दुसरीकडे जाऊ. परवाना सगळ्या विभागाचा आहे. दक्षिणेला, जुन्या रेल्वेच्या भरावापाशी."

"जाऊ की." तो तिच्या कानापलीकडे बघत होता. "मीपण येतो. गाडीत बसेन. तेवढाच वारा लागेल."

उरलेला महिना तिने रायफलीवर घालवला. शंभर यार्ड, दोनशे यार्ड, पालथं झोपून, पिशवीवर नळी टेकून. थर्लने कागदावरची भोकं बोटांनी मोजली आणि म्हणाला, "बकरीने आता मृत्युपत्र करायला हरकत नाही." टाक्याकडे ती गेली नाही. ठिपका मात्र डोळ्यांसमोर यायचा, भांडी घासताना, पेट्यांमध्ये पत्रं टाकताना. भीती होती, पण भीतीच्या आत बोचत होतं ते दुसरंच काही. दोनशे एक्कावन्नला घड्या दिसल्या. दोनशेला काय दिसलं असतं?

७

एक ऑक्टोबरला सकाळी दोघं भरावापाशी पोचले तेव्हा झुडपांवर दहिवर होतं. ओल्सेनचं टाकं इथून बावीस मैल उत्तरेला. आर्डिसने थर्मासमधली कॉफी एल्डनच्या हातात दिली.

"फुफ्फुसावर, खांद्याच्या मागे," तो म्हणाला. "घाई करायची नाही. आणि मारल्यावर रडू आलं तर रडायचं. मी रडलो होतो."

"कधी सांगितलं नाहीस ते."

"विचारलं नाहीस."

ती अर्धा मैल चालली, दोनशे यार्ड रांगली. गुडघ्यात काटे गेले. भरावाच्या पलीकडे एक नर एकटा उभा होता. एकशे नव्वद यार्ड. ती पालथी झाली, पिशवी पुढे घेतली, वर्तुळात तो लख्ख उभा राहिला. वारा डाव्या गालावर, हलका. तिने श्वास सोडला आणि चाप ओढला. दणका कळलासुद्धा नाही. नर चाळीस यार्ड पळाला आणि पाय दुमडून खाली बसला, दमल्यासारखा.

ती जवळ गेली. त्याच्या मानेवर हात ठेवला, ऊन अंग. रडू आलं, तिने रडून घेतलं. मग बाह्या सारून, एल्डनने टेबलावर बोटाने आखून दाखवलं होतं तसं, पोट साफ केलं. प्राँगहॉर्नचं मांस तासाभरात गार करावं लागतं, नाहीतर नासतं. बर्फ आणि दोन चाकांची हातगाडी आणायला ती परत निघाली. वाटेत एल्डनला काय काय सांगायचं ते मनात जुळवत होती.

गाडीचं दार उघडं होतं. सीटवर त्याची काठी होती. नुकताच पुन्हा भरलेला कॉफीचा पेला डॅशबोर्डवर, अजून वाफाळत.

"एल्डन!"

तो पूर्वेला चालला होता, तीनशे यार्ड दूर. आणि तिला भीती वाटली ती तो चालला होता म्हणून नव्हे, तर ज्या तऱ्हेने चालला होता म्हणून. घरात दाराची चौकट चाचपणारा माणूस, तो झुडपं चुकवत, बिळं ओलांडत, सरळ रेषेत, बाजाराला निघाल्यासारखा चालला होता.

ती धावली. छातीत आग पेटली. हाका मारल्या, तो थांबला नाही. शेवटी तिने थांबून आभाळात गोळी झाडली. तेव्हा तो उभा राहिला, पण वळला नाही. तिने मागून त्याचा पट्टा धरला.

"कुठे निघालास?"

"अगं हळू बोल."

ती वळसा घालून त्याच्यासमोर आली आणि तिने त्याच्या डोळ्यांत पाहिलं. दोन वर्षं त्याची बुबुळं ज्या त्या वस्तूच्या कडेला घसरायची. आता ती एका जागी रोवलेली होती. तिच्या खांद्यावरून, सरळ.

"मला दिसतंय, आर्डिस," तो म्हणाला. त्याचा आवाज लहान मुलासारखा झाला होता. "मधोमध. डाग नाही काही नाही. स्वच्छ दिसतंय."

तिने वळून पाहिलं. बघायचं नाही असं ठरवायलाही सवड मिळाली नाही.

साठ यार्ड असेल. पांढरं. पण आता ते उभं नव्हतं. सेजच्या झुडपांमध्ये खाली बसलं होतं, जनावर बुजू नये म्हणून शिकारी बसतो तसं. घड्या जमिनीवर पसरल्या होत्या. वारा अजिबात नव्हता. वरचं टोक सावकाश वर आलं, हललं, थांबलं. मग त्याच्याखालचा भाग थोडासा कलला. एखादी गोष्ट नीट दिसावी म्हणून आपण मान कलती करतो, तेवढाच.

आर्डिसने त्याचा पट्टा दोन्ही हातांनी धरला आणि ओढत आणलं. तो झटापट करत नव्हता. आला. पण गाडीपर्यंत तो उलटाच चालत आला, पाठीकडून.

त्याला आत बसवून तिने गाडीला कुलूप लावलं, नर हातगाडीवरून ओढत आणला आणि मागे टाकला. तिने मागे पाहिलं नाही. घरी येईपर्यंत एल्डन एकच वाक्य बोलला.

"अजून थोडं जवळ गेलो असतो तर तुला सांगता आलं असतं, काय आहे ते."

८

मांस छान निघालं. एल्डनने मोठ्या भांड्यात कांदा परतला, तिने बरगड्यांवरचे तुकडे लावले, दोघांनी पोटभर खाल्ले. थर्लला एक मांडी दिली. गावात चार लोकांनी शाबासकी दिली. एल्डन पुन्हा खुर्च्या चाचपू लागला, तिच्या कानापलीकडे बघू लागला. त्या सकाळबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. भरावापासून घर एकोणीस मैल होतं. आर्डिसने ते नकाशावर पट्टीने मोजून पाहिलं होतं आणि मग नकाशा घडी करून खणात टाकला होता.

महिनाअखेरीस एका दुपारी ती टपाल संपवून घरी आली तर स्वयंपाकघर रिकामं होतं. नळाखाली अर्धवट धुतलेले बटाटे. फ्रिज घरघरत होता. मागचं दार उघडं, आणि बाहेरून एक आवाज येत होता, ओला कपडा झटकावा तसा. थांबून थांबून.

घरामागे त्यांची एक एकर वाळकी जमीन, मग तारेचं कुंपण, मग पुढे नुसती सपाटी. एल्डन गवतात उताणा पडला होता. दोन्ही पाय वर आभाळाकडे. डाव्या बुटाला त्याने उशीचा पांढरा अभ्रा बांधला होता आणि पाय सावकाश हलवत होता.

ती धावत गेली. "पडलास का? लागलं का कुठे?"

"पडलो कसला. वेडी आहेस का?" तो हसत होता. "आजोबांची युक्ती आहे ही. त्यांच्याकडे दुर्बीण कुठली असायला? गवतात उताणं पडायचे आणि पायाला पांढरं फडकं बांधून हलवायचे. मैलभरावरून बकरी यायची बघ. घाबरायची, पळायची, पण परत यायची. दोन पावलं, दोन पावलं. तिला राहवतच नाही. काय आहे ते बघितल्याशिवाय जीव थाऱ्यावर येत नाही तिचा."

 ओल्सेनच्या सपाटीवर ती मोकळ्या जमिनीवर ताठ बसली होती ते आर्डिसला आठवलं, आणि मागे गवतात फिरणारा स्वतःचा हात. दोन पावलं. दोन पावलं.

"एल्डन," ती शक्य तितक्या शांतपणे म्हणाली, "मोसम संपलाय. बकरी मिळाली आपल्याला. फ्रीझर भरलाय. तू बोलावतोयस कुणाला?"

एल्डन पाय हलवायचा थांबला. कोपरांवर रेलून तो अर्धवट उठला. त्याची नजर तिच्या कानावरून घसरून मागे गेली, कुंपणाच्या पलीकडे, आणि तिथे कुठेतरी थांबली. तिथेच राहिली. मधोमध, स्थिर.

त्याच्या तोंडावर आनंद पसरला. पाहुणा दारात दिसावा तसा.

"बाजूला हो ना गं जरा," तो हळूच म्हणाला. "मध्ये उभी राहिलीस तर बुजेल."

पाठीमागे तारेचं कुंपण एकदा वाजलं, हलकेच, कुणी तार खाली दाबून पाय पलीकडे टाकावा तसं.

आर्डिस बाजूला झाली.